तुकडा

मी 31 वर्षं सोलापुरात एका रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात टेक्निशियन होते. विभागाचं नाव उच्चारायला अवघड, पण काम सांगायला सोपं आहे. तपासणीसाठी किंवा ऑपरेशनमध्ये माणसाच्या शरीरातून जे काढतात, ते बरणीतून आमच्याकडे येतं. आम्ही त्याचे पातळ काप घेतो, रंगवतो, काचेवर चढवतो आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवतो. मॅडम मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहितात. पेशंटच्या तोंडी या सगळ्याला एकच शब्द असतो, तुकडा. 'तुकडा काढलाय', 'तुकड्याचा रिपोर्ट आला का', 'घरचे तुकडा नको म्हणतात'. बायॉप्सी हा शब्द कागदावरच राहतो.

या तुकड्याची लोकांना फार भीती. सुरी लागली की गाठ चवताळते, अंगभर पसरते, महिन्याभरात माणूस जातो, हे मी आमच्या खिडकीशी उभ्या असलेल्या नातेवाइकांकडून शेकडो वेळा ऐकलं. जमेल तितक्यांना समजावलं. माझ्या सख्ख्या भावाला मात्र वेळेत समजावता आलं नाही. ते सांगायला बसले आहे.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

बरणीत 10 टक्के फॉर्मालिन असतं. झाकण उघडलं की डोळ्यांत चटका बसतो. पहिलं वर्षभर माझे डोळे कायम लाल असायचे. पण त्या पाण्याचा गुण असा, की पेशी ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत थिजतात. नाहीतर शरीराबाहेर आलेलं मांस लगेच सडू लागतं. तालुक्याहून कधी तुकडा नुसत्या सलाईनमध्ये यायचा, कधी ओल्या कापसात गुंडाळून, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत. अशा तुकड्याच्या काचेवर धुरकट गुलाबी चिखल दिसायचा, त्यात ओळखण्यासारखं काही नसायचं. मग त्या माणसाला परत बोलवायचं, परत कापायचं. निम्मे लोक परत यायचेच नाहीत.

फॉर्मालिनमधून निघालेला तुकडा अल्कोहोलमध्ये, मग झायलीनमध्ये, मग वितळलेल्या मेणात. हे रात्रभर चालतं. सकाळी पितळी चौकटीत मेण ओतून तुकडा त्यात बसवायचा. थंड झाला की छोटी वडी तयार होते, तिला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक मायक्रोटोमला लावून चाक फिरवलं की पात्यावरून मेणाची पट्टी, म्हणजे रिबन, उतरत जाते. जाडी 4 ते 5 मायक्रॉन. केसाच्या जाडीत असे पंधरा काप सहज मावतील. ही पट्टी कोमट पाण्यावर सोडायची, ती आपोआप पसरते, सुरकुत्या निघतात, आणि खालून काच घालून तिला अलगद वर घ्यायचं. त्या वेळी आपला श्वाससुद्धा धरून ठेवावा लागतो. पंख्याखाली हे काम होत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून, ब्लॉक बर्फावर ठेवून आम्ही रिबन काढायचो.

शेवटी रंग. हिमॅटॉक्सिलिन नावाचा रंग पेशीचं केंद्रक निळंजांभळं करतो, तो एका झाडाच्या लाकडापासून मिळतो. दुसरा इओसिन, त्यानं बाकी सगळं गुलाबी होतं. या दोन रंगांवर जगातले बहुतेक कॅन्सर ओळखले जातात. नवीन यंत्रं, नवीन चाचण्या आल्या, पण पहिली काच आजही याच रंगांची असते.

टेक्निशियननं निदान करायचं नसतं. पण रंग नीट बसला की नाही बघायला आम्हीही मायक्रोस्कोपला डोळा लावतो, आणि 31 वर्षं बघितल्यावर नजर तयार होतेच. मॅडमना शिकवायची हौस होती. दुपारी काम आटोपलं की त्या मला दुसऱ्या डोळ्यावर बसवायच्या. त्यांच्या मायक्रोस्कोपला शिकणाऱ्यासाठी जोडनळी होती.

निरोगी गालाची काच मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा वाटलं, ही नीट रचलेली भिंत आहे. सगळ्यात खाली लहान, गोल, गडद पेशींची एक रांग. नव्या पेशी फक्त तिथंच जन्मतात. जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, सरकताना चपटी होते, आणि दोन-तीन आठवड्यांत अगदी वर येऊन गळून पडते. आपण ती थुंकीबरोबर गिळूनही टाकतो. म्हणून तर गाल चावला गेला, गरम चहानं तोंड भाजलं, तरी पंधरा दिवसांत सगळं पूर्ववत होतं. त्या खालच्या रांगेच्या बुडाशी एक बारीक रेघ असते. रेघेच्या वर भिंत, खाली रक्तवाहिन्या, स्नायू, नसा. 'ही रेघ लक्षात ठेव,' मॅडम म्हणाल्या होत्या, 'आपलं सगळं काम हिच्यासाठी चाललंय.'

माणसाच्या अंगात तीस लाख कोटींच्या वर पेशी असतात. रोज कोट्यवधी मरतात, कोट्यवधी नव्या होतात. पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं, कधी मरून जायचं, हे तिच्या केंद्रकातल्या डीएनएत लिहिलेलं असतं. पेशी दुभंगताना त्या लिखाणाची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चुका होणारच. बहुतेक चुका पेशी स्वतः दुरुस्त करते. दुरुस्त होणार नसेल तर ती पेशी आपण होऊन मरते. पी-53 नावाचं एक जनुक आहे, ही राखण करण्यात त्याचा मोठा वाटा. माणसांच्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरमध्ये हेच जनुक बिघडलेलं सापडतं. राखणदारच आंधळा झाला तर शेत कुणीही चरून जातं.

तरीही एका चुकीनं सहसा कॅन्सर होत नाही. एका पेशीत, तिच्या लेकी-नातींत, एकावर एक अशा अनेक चुका साठाव्या लागतात. वाढ म्हणणारं जनुक मोकाट सुटावं लागतं, थांब म्हणणारं मुकं व्हावं लागतं, मरण्याचा हुकूम ऐकू येईनासा व्हावा लागतो. याला वर्षं लागतात, कधी कधी वीस-तीस वर्षं. मोठ्या माणसांत कॅन्सर जास्त दिसतो तो यामुळे. तंबाखूतली नायट्रोसमाइन्स काय करतात, तर डीएनएला चिकटून या चुका भराभर वाढवतात. चुना त्या जागेला रोज पोळतो, पोळलेली जागा भरायला पेशींना रोज नव्यानं दुभंगावं लागतं, आणि प्रत्येक दुभंगण्यात चुकीला जागा मिळते. नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. सुपारी-गुटख्यानं तोंड आतून ताठ होत जातं, तीन बोटं उभी मावायची तिथं एकच मावतं.

लोक विचारायचे, 'ताई, कॅन्सरचे प्रकार किती?' मोजायला गेलं तर शंभराच्या वर. मॅडम म्हणायच्या, कॅन्सर हे नाव नव्हे, आडनाव आहे. एका आडनावाची माणसं जशी वेगवेगळ्या स्वभावाची असतात, तसं. आम्हाला ते वेगवेगळे स्वभाव बरण्यांवरून कळायचे. सगळ्यात जास्त बरण्या अस्तराच्या: गाल, जीभ, अन्ननलिका, गर्भाशयाचं तोंड. यांचं अस्तर चपट्या पेशींच्या थरांचं. दुसऱ्या ग्रंथींच्या: स्तन, जठर, मोठं आतडं, प्रोस्टेट. या दोन्ही घरांतल्या कॅन्सरला कार्सिनोमा म्हणतात, आणि दहांतले आठ-नऊ कॅन्सर याच जातीचे. हाड, स्नायू, चरबी यांतून उठणारा तो सार्कोमा. त्यातला हाडाचा तुकडा आला की मला वाईट वाटायचं, कारण बरणीवरच्या चिठ्ठीत वय बहुधा चौदा, सोळा, सतरा असायचं आणि जागा गुडघ्याची. हाड कापता येत नाही, म्हणून ते आधी आम्लात ठेवून मऊ करावं लागतं. त्यात दिवस जायचे आणि मुलाचे वडील रोज खिडकीशी येऊन उभे राहायचे.

रक्ताच्या कॅन्सरला बरणीच नसते. ल्युकेमियात गाठ होत नाही, हाडातल्या मगजात बिघडलेल्या पांढऱ्या पेशी तयार होऊन रक्तात फिरतात, त्यामुळे तो शेजारच्या खोलीत रक्ताच्या थेंबात सापडायचा. लसीकाग्रंथींचा तो लिम्फोमा, मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा मायलोमा. मेंदूच्या गाठी आणि कातडीच्या रंगपेशींचा मेलानोमा आमच्याकडे क्वचित येत. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कॅन्सर जिथं सुरू झाला तिथलाच तो राहतो. स्तनाचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात गेला तरी काचेवर तो स्तनाचाच दिसतो, आणि औषधही त्याचंच चालतं.

आता अण्णा.

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. एसटीत ड्रायव्हर होता. रातराणीवर डोळा लागू नये म्हणून त्यानं तंबाखू धरली, असं तो सांगायचा. खिशात दोन तोंडांची डबी, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. तळहातावर मळायची, दोनदा थापटायची आणि डाव्या गालात ठेवायची. कायम डाव्याच. तीसएक वर्षं त्याच जागी.

2011 साली घरात लग्न होतं. जेवणावळीत कुणाच्या तरी बोलण्यावर अण्णा तोंड उघडून हसला आणि मला डाव्या गालात आत पांढरा चट्टा दिसला. दुधाची साय चिकटावी तसा. मी त्याला बाजूला घेतलं.

'अण्णा, हे काय आहे?'

'काय नाही गं, चुन्यानं भाजलंय.'

'दाखवून घे. मी येते बरोबर.'

'लग्न तर होऊ दे.'

लग्न झालं, मी सोलापूरला आले, तो ड्यूटीवर गेला. असे सगळे चट्टे कॅन्सर होत नाहीत, बरेचसे तंबाखू सोडली की जातात. हे मला माहीत होतं आणि त्याच माहितीवर मी विसंबले. पुढं दोन वर्षं तो भेटला की मी विचारायची, तो 'बरं आहे' म्हणायचा, आणि मी त्याचं तोंड उघडून बघितलं नाही. हजारो अनोळखी लोकांचे गाल मी काचेवर बघत होते.

2013 च्या दिवाळीनंतर त्या जागी फोड आला. गावाजवळच्या एका डॉक्टरनं उष्णता म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला जेल दिलं. महिनाभरानं गोळ्या बदलल्या, आणखी महिन्यानं पुन्हा बदलल्या. चार महिने गेले. जी जखम पंधरा दिवसांत भरायला हवी ती चार महिने भरत नाही, एवढ्यावरूनच त्या डॉक्टरला कळायला हवं होतं. शेवटी दात हलायला लागला म्हणून अण्णा दातांच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, तुकडा काढावा लागेल.

अण्णा उठून घरी आला. एका पाहुण्यानं त्याला सांगितलं होतं की आपल्या अमक्याचा तुकडा काढला आणि दोन महिन्यांत गेला. मी फोनवर रडले, ओरडले. 'तू रोज तेच बघतीस, तुला तसंच दिसणार,' असं म्हणाला. ही समजूत कुठून येते ते मला आता कळतं. आपल्याकडे तुकडा काढायला माणूस येतो तोच फार उशिरा. रोग आधीच खोल गेलेला असतो. तुकडा काढतात, मग माणूस जातो, आणि बोट सुरीकडे दाखवलं जातं. तोंडातल्या जखमेचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा घेतल्यानं रोग पसरत नाही. तो पसरायचा तेव्हा आपल्या वेळेनं पसरत असतो, आणि तुकडा न काढलेला प्रत्येक दिवस त्याला मिळालेला असतो.

आणखी सात आठवड्यांनी मानेत, जबड्याखाली, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. तेव्हा वहिनींनी मला फोन केला. दुसऱ्या दिवशी मी गावी जाऊन त्याला घेऊन आले. आमच्याच रुग्णालयात तुकडा काढला. पाच मिनिटं लागली, एक टाका पडला. अण्णा बाहेर येऊन म्हणाला, 'एवढंच व्हय?'

बरणीवर त्याचं नाव होतं. माझा सहकारी म्हणाला, 'ताई, द्या, मी करतो.' मी दिलं नाही. ब्लॉक मीच बसवला, रिबन मीच काढली. पाण्यावर ती उलगडली तेव्हा तुकडा डोळ्यांना पारदर्शक ठिपक्यासारखा दिसत होता. रंगवला, सुकवला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला.

मी रेघ शोधत होते. रेघ नव्हती. भिंत खालून फुटली होती आणि पेशींचे जाडजूड पुंजके मुळांसारखे आत, स्नायूंच्या धाग्यांत घुसले होते. केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी. त्या पुंजक्यांच्या मधोमध गुलाबी गोल होते, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी एकात एक वलयं. त्यांना केरॅटिनचे मोती म्हणतात. गालाच्या पेशीला वर जाऊन चपटं व्हायचं असतं, गळून पडायचं असतं. वाट चुकून खोल गेली तरी ती आपलं जुनं काम करत राहते आणि आतल्या आत थर रचत बसते. ते मोती मी आयुष्यभर बघत आले होते. मॅडमना हाक मारायला मला आवाज फुटला नाही. मी काच त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर जिन्यात बसले.

एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं तीस वेळा झालं की शंभर कोटींवर पेशी होतात, आणि तेव्हा कुठे गाठ सेंटिमीटरभराची होते. म्हणजे बोटाला लागणारी सर्वांत लहान गाठसुद्धा आपल्या आयुष्याचा मोठा भाग आधीच जगलेली असते. पहिले मिलिमीटर-दोन मिलिमीटर ती शेजारच्या रक्तावर भागवते. पुढं वाढायला तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, आणि ती त्या ओढून घेते. अण्णाला चूळ भरताना रक्त येत होतं ते यामुळे. रेघ फुटली की पेशी लसीकावाहिन्यांत उतरतात आणि जवळच्या ग्रंथीत जाऊन रुजतात. गालाच्या जवळची ग्रंथी मानेत असते. पुढची पायरी रक्तातून फुप्फुसाकडे.

आम्ही मुंबईला गेलो. परळचं टाटा मेमोरियल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांना कॅन्सर म्हटलं की 'टाटा' एवढंच माहीत आहे. बाहेरच्या फुटपाथवर माणसं फाइली छातीशी धरून बसलेली, नाकात नळी, गालावर पट्टी. बहुतेक पुरुष, आणि बरेच अण्णाहून तरुण. भारतात पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच आहे, हे मी वाचलेलं होतं, त्या फुटपाथवर ते दिसलं. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे. पुड्या मात्र तिथंही पायाखाली येत होत्या. राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. तिथं पेशंट आणि नातेवाईक यांच्यात कुणी कुणाला काही विचारत नाही, ताट पुढं करतात.

तिथं मी एका तरुण डॉक्टरला सांगितलं की अण्णा तंबाखू नेमकी त्याच जागी ठेवायचा. ते म्हणाले, हे इथं फार आधीपासून माहीत आहे. याच संस्थेतले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1940 च्या दशकात दाखवून दिलं होतं की आपल्याकडचे कॅन्सर सवयीच्या मागं जातात. धोतर कमरेला वर्षानुवर्षं घट्ट कसून नेसणाऱ्यांच्या त्याच जागच्या कातडीला होणाऱ्या कॅन्सरची त्यांनी नोंद केली होती. मला काश्मीरची कांगडी आठवली. पोटाशी निखारे घेऊन बसणाऱ्यांना पोटाच्या कातडीचा होतो.

तपासण्यांत कळलं की जबड्याच्या हाडापर्यंत रोग गेला आहे. म्हणजे चौथी स्टेज. हा शब्द ऐकून वहिनींनी भिंत धरली. मी त्यांना समजावलं की तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबड्याचं हाड धरलं तरी चौथी म्हणतात, लांब फुप्फुसात गेलेला असेल तर निराळं, आणि अण्णाचं तसं नव्हतं. ऑपरेशन करता येणार होतं. गाल, खालच्या जबड्याचा डावा भाग आणि मानेतल्या ग्रंथी काढल्या, छातीचा स्नायू वर वळवून गाल बांधला. नऊ तास. मग किरणांचा शेक, ज्याला तिथले पेशंट 'लाईट' म्हणतात, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. तोंड आतून सोललं गेलं, चव गेली, दाढी एका बाजूला उगवायची थांबली. अण्णा पाटीवर लिहून बोलायचा. एकदा लिहिलं, 'डबी फेकली का?' मी मान हलवली.

अण्णाच्या मानेत गाठ आधीच आली होती. पण मानेत गाठ लागत नसली तरी तोंडाच्या लहानशा कॅन्सरमध्ये पहिल्याच ऑपरेशनात मानेच्या ग्रंथी काढाव्यात की वाट बघावी, यावर टाटामध्येच मोठा अभ्यास चालू होता. 2015 साली तो प्रसिद्ध झाला. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, वाट बघितलेल्यांपैकी 67.5 टक्के. मी तो निकाल वाचला तेव्हा अण्णा घरी होता. पेज, ताक, मऊ भात एवढ्यावर होता, पण रोज संध्याकाळी पाराजवळ जाऊन बसायचा. चौदा महिने चांगले गेले. मग त्याच बाजूला कानाखाली परत गाठ आली. 2016 च्या पावसाळ्यात तो गेला.

तेराव्याला घरात बायका बसल्या होत्या. वहिनींनी सवयीनं पदराच्या गाठीतून मिश्रीची पुडी काढली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि दातांना लावायची. आमच्या भागात बायका तिला तंबाखू समजतच नाहीत, दात घासायची पूड समजतात. वहिनी लग्न होऊन आल्यापासून लावत होत्या, दिवसातून चार वेळा. मी सगळ्यांदेखत त्यांच्या हातातून पुडी घेतली. या वेळी बाजूला नेऊन बोलले नाही.

'वहिनी, तोंड उघडा.'

खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या खोबणीत, लालसर-पांढरा खरबरीत पट्टा होता. दुखत नव्हता, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्या आठवड्यातच त्यांना सोलापूरला नेलं. तुकडा म्हटल्यावर त्या घाबरल्या, साहजिक होतं, आताच तर सगळं झालं होतं. 'ह्यांचं तसंच झालं न्हवं?' असं म्हणाल्या. मी म्हटलं, अण्णाचा तुकडा उशिरा काढला, तुमचा आज काढायचा आहे, फरक एवढाच आहे.

ती काचही मी केली. खालच्या रांगेतल्या गडद पेशी जिथं एकाच ओळीत हव्यात तिथं त्या वर चढत चढत निम्म्याहून जास्त भिंत व्यापून बसल्या होत्या. केंद्रकं फुगलेली, रचना विस्कटलेली. याला डिस्प्लेसिया म्हणतात, कॅन्सरच्या वाटेवरचा टप्पा. पण त्यांच्या बुडाशी ती बारीक रेघ होती. मी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नेली. कुठंही तुटलेली नव्हती. मॅडमनी बघितलं आणि नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

अर्ध्या तासाच्या ऑपरेशनात तो पट्टा काढला. लाईट नाही, केमो नाही. मिश्री सोडायला मात्र त्यांना आठ महिने लागले. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, चिडचिड व्हायची. घरातल्या माणसांनी हे सोसायला हवं, नुसतं 'सोडा' म्हणून सुटत नाही. दर सहा महिन्यांनी त्यांचं तोंड तपासतात. आज त्या 68 वर्षांच्या आहेत आणि अजून रानात जातात.

पहिल्या टप्प्यावर पकडता येतो असा दुसरा कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडाचा. तो बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला दहा-वीस वर्षं जातात. आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं आणि टाटानं मिळून केलेला. 2009 साली निकाल आला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी मिळाली, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ह्या बायका शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच होत्या. वहिनींबरोबर मी माझी आणि माझ्या सुनेची तपासणीही करून घेतली. आता मुलींसाठी लसही आहे. माझ्या नातीला ती दिली आहे.

मी निवृत्त झाले, पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते ते इथंही सांगते. महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर तोंड पूर्ण उघडून बघा. गाल बोटानं बाजूला ओढा, जीभ वर उचला, जिभेच्या दोन्ही कडा बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं तोंड तुम्ही बघा, त्यांना दिसत नाही आणि ते सांगत नाहीत. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारं तोंड, मानेत न दुखणारी गाठ, यांतलं काहीही असेल तर गोळ्या बदलत बसू नका. डॉक्टर तुकडा म्हणाले तर हो म्हणा.

आणि तुकडा दिल्यावर रिपोर्ट न्यायला या. आमच्या विभागात एक लोखंडी कपाट होतं. घाबरून कुणी न्यायलाच न आलेले रिपोर्ट मी त्यात तारखेप्रमाणे लावून ठेवायची. मी निवृत्त झाले त्या दिवशीही त्याचा खालचा कप्पा भरलेला होता.